कापडाला तुरटी देण्याआधी शाई ओळखा

पत्र : मी मुलुंडला राहते. जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या आणि बाळांची दुपटी शिवून विकते. प्रत्येकावर नाव, महिना-साल आणि धुण्याची सूचना असलेलं छोटं कापडी लेबल लावायचं आहे. प्रिंटरमध्ये घालायचे तयार कापडी कागद मला परवडत नाहीत. घरी कॅननचा जी2010 हा टाकीवाला प्रिंटर आहे. पांढरं कापड कार्डपेपरवर टेपने चिकटवून छापलं. पहिल्यांदा अडकलं, दुसऱ्यांदा छान उमटलं. एका व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात ठेवलं, तरी धुतल्यावर काळी अक्षरं जांभळट-गुलाबी झाली आणि कडा पसरल्या. तुरटीने शाई पक्की होते म्हणतात, ते खरं का? प्रमाण काय घ्यायचं? कापड ताठ राहावं म्हणून मागे लावायचा फ्रीझर पेपर मुंबईत मिळेल का? की सरळ झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंटरवर छापून घेऊ?

उत्तर :

ताई, अक्षरं 'जांभळट-गुलाबी' झाली हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. नुसती 'फिकी पडली' लिहिलं असतंत तर कापडात खोट आहे की शाईत, हे सांगता आलं नसतं. काळी शाई धुऊन गेली तर मागे करडा रंग राहतो. गुलाबी राहिला, याचा अर्थ तुमच्या प्रिंटरने काळी शाई वापरलीच नाही. निळा, किरमिजी आणि पिवळा मिसळून त्याने काळा तयार केला, आणि तिन्ही रंग पाण्यात कमीजास्त सुटल्यावर उरलेला रंग तुम्हाला दिसला.

तुमच्या प्रिंटरच्या टाकीत दोन जातींच्या शाया आहेत. काळी आहे पिगमेंटची, म्हणजे पाण्यात न विरघळणारे रंगाचे बारीक कण. बाकी तीन आहेत डायच्या, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग. छपाईच्या सेटिंगमध्ये साधा कागद निवडला की प्रिंटर अक्षरांसाठी पिगमेंटची काळी काढतो. फोटो पेपर किंवा मॅट पेपर निवडला की ती बाजूला ठेवून तीन रंगांतून काळा बनवतो, कारण चकचकीत कागदावर पिगमेंट नीट बसत नाही. कापड म्हणजे काहीतरी खास कागद, असं समजून तुम्ही बहुधा मॅट किंवा फोटो निवडलं असणार. पुढच्या वेळी 'प्लेन पेपर' निवडा, अक्षरांचा रंग शुद्ध काळा ठेवा (करड्याची छटा नको, सावली नको), आणि निम्मं काम तिथेच होईल.

खात्री करायला कापडही वाया घालवायला नको. दोन्ही सेटिंगवर साध्या कागदावर चार शब्द छापा, दहा मिनिटं वाळू द्या आणि प्रत्येकावर पाण्याचा एक थेंब ठेवा. पिगमेंटचं अक्षर जागचं हलत नाही, डायचं अक्षर थेंबात रंग सोडतं. दुसऱ्या कंपनीचा प्रिंटर असलेल्या वाचकांनीही आधी हीच परीक्षा करावी. टाकीवाल्या काही प्रिंटरांत चारही शाया डायच्या असतात. बाटलीच्या खोक्यावर बहुतेक वेळा 'डाय' की 'पिगमेंट' ते छापलेलं असतं. लॅमिंग्टन रोडवरून स्वस्तातली रिफिल शाई आणून भरली असेल तर खोक्यावर न विसंबता थेंबाचीच परीक्षा करा, कारण मूळ काळी पिगमेंटची असली तरी रिफिलची डायची असू शकते. आणि डायच्या टाकीत पिगमेंट ओतण्याचा मोह टाळा. दोन्ही एकत्र आल्या की हेड, म्हणजे शाई फवारणारा भाग, तुंबतं आणि वाचवलेले पैसे दुरुस्तीत जातात.

आता व्हिनेगर आणि मीठ. हा सल्ला रेशीम आणि लोकर रंगवणाऱ्यांकडून आलेला आहे. त्या धाग्यांत प्रथिन असतं आणि आम्लात काही रंग त्याला घट्ट धरतात. सुतात प्रथिन नाही, त्यामुळे छापून झाल्यावर व्हिनेगरमध्ये बुडवणं म्हणजे ओल्या शाईला पसरायला आणखी एक संधी देणं. मिठाचंही तेच. छापल्यानंतर शाई पक्की करणारं असं काही तुमच्या स्वयंपाकघरात नाही. जे काही द्यायचं ते कापडाला छापण्याआधीच द्यावं लागतं.

कापड कोणतं? शंभर टक्के सुती, घट्ट विणीचं, पांढरं कॅम्ब्रिक किंवा पॉपलिन. मंगळदास मार्केटात किंवा दादरला हिंदमाताला मीटरवर मिळतं. मलमल घेऊ नका, वीण सैल असल्याने शाई छिद्रांतून मागे जाते आणि अक्षरं तुटक दिसतात. मांजरपाट स्वस्त आहे, पण त्यात खळ भरपूर असते आणि रंग पिवळसर, त्यामुळे उकळून खळ काढायची तयारी असेल तरच घ्या. टेरीकॉट चालणार नाही. दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणाला तरी कोपऱ्याचे दोन धागे काढून पेटवा : सूत कागदासारखं जळून हलकी राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. सगळ्यात स्वस्त म्हणजे घरातली जुनी पांढरी सुती चादर, विरलेली नसेल तर. तिची खळ केव्हाच गेलेली असते आणि आटायची ती आटून झालेली असते. तिला नीळ दिलेली मात्र नको.

44 इंची पन्ह्याच्या एका मीटरमध्ये 23 बाय 32 सेंटिमीटरचे बारा तुकडे बसतात. कापड धुतल्यावर आटतं, म्हणून सव्वा मीटर घ्या आणि धुऊन झाल्यावरच तुकडे करा.

धुण्यात कसूर करू नका, बहुतेक लेबलं इथेच बिघडतात. नवं कापड मोठ्या पातेल्यात, पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा घालून वीसेक मिनिटं उकळा आणि तीन-चार पाण्यांतून खळबळून काढा. डिटर्जंट वापरलात तर त्याचा फेस पूर्ण जाईपर्यंत, कारण पुढे रंगीत छपाईसाठी जो फॅब्रिक कंडिशनर लागणार आहे त्याचा आणि डिटर्जंटचा विद्युतभार एकमेकांविरुद्ध असतो. दोघं भेटले की चिकट साका होतो आणि दोघंही निकामी. वाळलेल्या कापडावर पाण्याचा थेंब टाका. क्षणात शोषला गेला तर खळ गेली. मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा उकळा.

तुरटीबद्दल विचारलंत, तर हो, तिचा उपयोग होतो. पण ती शाईला चिकटवते असं नव्हे. तुरटीतलं ॲल्युमिनियम धाग्यावर बसतं आणि पिगमेंटचे कण कापडावर पडताक्षणी त्यांना एकत्र गोळा करतं, त्यामुळे ते आत झिरपण्याऐवजी वर राहतात. अक्षर काळंभोर आणि धारदार दिसतं. डायच्या शाईलाही ते धरून ठेवायला मदत करतं, पण थोडीच. डायला खरा आधार देतो तो कंडिशनर.

प्रमाण असं, एका मीटर कापडासाठी. पाऊण लिटर कडकडीत गरम पाण्यात तुरटीची पूड सपाट दोन चहाचे चमचे विरघळवा. वेगळ्या वाटीत थोड्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा अर्धा चहाचा चमचा विरघळवा आणि हळूहळू तुरटीच्या पाण्यात घाला. फसफसतं, म्हणून भांडं मोठं घ्या, स्टीलचं किंवा प्लास्टिकचं, आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. सोडा कशाला? तुरटी आम्लधर्मी असते. ती तशीच सुतात राहिली तर काही वर्षांत कापड कमजोर होतं, आणि गोधडी काही वर्षांपुरती कोणी शिवत नाही. पण सोडा जास्त झाला तर पांढरा गाळ खाली बसतो, तो कापडावर भुकटीसारखा राहतो आणि छापताना प्रिंटरच्या हेडखाली झडतो. गाळ दिसलाच तर वरचं पाणी निथळून घ्या आणि तेवढंच वापरा. खाण्याचा सोडा हा धुण्याच्या सोड्यापेक्षा सौम्य असतो, तो या मापाने घेऊन अदलाबदल करू नका. घरी बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर या कामापुरतं पालिकेचं पाणी घ्या. बोअरच्या पाण्यात लोह असलं तर तुरटी दिलेलं कापड मळकट दिसतं.

पाणी कोमट झालं की कापड पसरून बुडवा, वीस मिनिटं ठेवा, अधूनमधून उलटा. पिळू नका. पिळलेल्या जागी सुरकुत्यांच्या रेघांत तुरटी कमीजास्त होते आणि त्या रेघा छपाईत उमटतात. दोन टोकांना चिमटे लावून सावलीत निथळत वाळवा. नंतर धुवायचं नाही.

फक्त काळी अक्षरं छापायची असतील तर इथेच थांबा. नक्षी, रंगीत चित्र, बाळाचा फोटो असं काही हवं असेल, किंवा प्रिंटरची काळी डायचीच असेल, तर वाळलेल्या कापडाला दुसरं पाणी द्या : अर्धा लिटर कोमट पाण्यात पाव कप, म्हणजे सुमारे 60 मिलिलिटर, फॅब्रिक कंडिशनर. कम्फर्ट किंवा दुसरा कुठलाही, निळ्या-गुलाबी रंगाचा गडदपणा जितका कमी तितका बरा. दहा मिनिटं, मग पुन्हा न पिळता वाळवणं. सुतावर आणि डायच्या शाईवर दोघांवरही ऋणभार असतो, म्हणून शाई पाण्याबरोबर निघून जाते. कंडिशनरमधला धनभाराचा घटक मध्ये बसून दोघांना धरतो. परदेशात बबल जेट सेट 2000 नावाचं तयार द्रावण याच कामासाठी विकतात. आपलं हे दुपाणी म्हणजे त्याचा गरिबाघरचा भाऊ, त्याच्याइतकं पक्कं नव्हे. अनेक ठिकाणी तुरटी, सोडा आणि कंडिशनर एकाच भांड्यात घालायला सांगतात. तसं केल्यावर कंडिशनर फाटलेल्या दुधासारखा होतो आणि त्याच्या गुठळ्यांचे डाग कापडावर पडतात, म्हणून दोन पाणी वेगळी ठेवलेली बरी.

फ्रीझर पेपर शोधत फिरू नका. आपल्याकडच्या किराणा दुकानात तो नसतो आणि ऑनलाइन मागवलेला रोल लेबलांपेक्षा महाग पडतो. बटर पेपर त्याच्या जागी चालत नाही, कारण फ्रीझर पेपरला एका बाजूला प्लास्टिकचा थर असतो आणि इस्त्रीने तो कापडाला चिकटतो. बटर पेपरला तसा थरच नाही. त्याऐवजी अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा जवळच्या स्टेशनरीत ए4 स्टिकर पेपर मागा : अखंड पानाचा, मॅट, कापून भाग न पाडलेला. बहुतेकदा सुटी पानंही देतात. एक पान चिकटपणा जाईपर्यंत तीन-चारदा वापरता येतं.

चिकटवण्याआधी कापडाला वाफ न सोडता कडक इस्त्री करा. मुंबईच्या पावसाळ्यात हे जास्तच महत्त्वाचं : बाल्कनीत 'वाळलेल्या' कापडात जुलैमध्ये भरपूर दमटपणा असतो, आणि दमट कापडावर शाई धाग्याधाग्याने बाजूला सरकते. तुमच्या पसरलेल्या कडांचं एक कारण हेही असू शकतं. इस्त्री झाल्यावर कापड थंड होऊ द्या. स्टिकरचा मागचा कागद वरच्या कडेपासून दोन बोटं सोलून तिथे कापडाची कड सरळ ताणून बसवा, मग कागद सोलत सोलत लाटण्याने कापड पुढे दाबत न्या. कापड पानापेक्षा चारी बाजूंनी थोडं मोठं ठेवा आणि चिकटल्यावर स्टीलच्या पट्टीवर कटरने कापड आणि पान एकदमच कापा. कात्रीने कापलं की कडेचे धागे लोंबतात, आणि एक लोंबता धागा हेडला अडकला तर संपूर्ण पानावर काळा फराटा ओढला जातो. जी कड आधी प्रिंटरमध्ये जाणार तिच्यावर पुढून-मागून घडी घालून पारदर्शक टेपची अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी लावा. तुमचा पहिला कागद अडकला तो कार्डपेपरमुळे : कार्ड, टेप आणि कापड मिळून जाडी इतकी होते की रोलर ओढू शकत नाहीत. स्टिकर पान पातळ आणि लवचिक असतं.

तुमच्या प्रिंटरला कागद मागून उभा जातो, हे सोयीचं. खालच्या ट्रेमधून कागद वळवून घेणाऱ्या प्रिंटरमध्ये कापड वळणावर सुटतं. एका वेळी एकच पान घाला आणि पहिले दोन सेंटिमीटर आत जाईपर्यंत हाताने हलका आधार द्या. कॅननच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये, 'प्रिव्हेंट पेपर अब्रेजन' असा पर्याय असतो. तो सुरू केला की हेड कागदापासून जरा वर उचललं जातं आणि कापडाला घासत नाही. काम झालं की बंद करा, नाहीतर रोजची छपाई किंचित धूसर येते.

अक्षरांचं म्हणाल तर देवनागरी कापडावर बारीक छापू नका. अक्षराखालचा उकार, शिरोरेषेवरचा रफार, 'क्ष' आणि 'द्ध' यांच्या पोकळ्या शाईने भरून जातात. 14 पॉइंटच्या खाली जाऊ नका. मुंबईच्याच एक टाइप या समूहाने केलेला मुक्ता हा फॉन्ट मोफत आहे आणि त्यात अनेक जाड्या मिळतात. सेमीबोल्ड घ्या, अतिजाड नको.

लेबलाचा तयार आकार साडेसात बाय साडेचार सेंटिमीटर ठेवलात आणि चारी बाजूंना दुमडायला एकेक सेंटिमीटर धरलात, तर एक लेबल साडेनऊ बाय साडेसहा होतं. आडव्या ए4 पानावर ती तीनच्या तीन ओळींत, म्हणजे नऊ बसतात, कडेला प्रिंटरची पाच मिलिमीटरची कोरी जागा सोडूनही. नऊच्या नऊ नावांची ऑर्डर येईपर्यंत थांबायला नको. चौकट, तुमचं नाव, धुण्याची सूचना छापून ठेवा, बाळाचं नाव आणि महिना-साल यांसाठी कोरी ओळ सोडा, आणि ती पिगमेंट शाईच्या पेनाने हाताने भरा. पिग्मा मायक्रॉनचं 05 नंबरचं पेन कला साहित्याच्या दुकानात मिळतं. साधं जेल पेन किंवा व्हाइटबोर्डचं मार्कर नको.

छापल्यावर एक दिवस, पावसाळ्यात दोन दिवस, पान तसंच आडवं ठेवा. मग स्टिकरवरून कापड हळू सोला. चिकटलेलं असताना इस्त्री करू नका, स्टिकरचा डिंक वितळून कापडात मुरतो. सोललेल्या कापडावर सुती रुमाल ठेवून कोरडी, सुताच्या तापमानाची इस्त्री दोन-तीन मिनिटं फिरवा.

मग पहिली धुलाई, आणि ती तुम्ही स्वतःच करायची, गिऱ्हाईकावर सोडायची नाही. बादलीभर थंड पाण्यात सौम्य लिक्विड डिटर्जंटचे काही थेंब, कापड पसरून, दोन मिनिटं सतत हलवत. स्थिर ठेवलंत तर सुटलेली जास्तीची शाई पांढऱ्या जागेवर परत बसते. लगेच दोन स्वच्छ पाण्यांतून काढा, घडी न घालता जुन्या टॉवेलवर सपाट टाका, सावलीत वाळवा. यात थोडा रंग जाणारच, म्हणून रंगीत नक्षी छापताना पडद्यावर आवडते त्यापेक्षा जरा गडद ठेवा. जे या धुलाईत टिकलं ते पुढेही बऱ्यापैकी टिकतं. पिगमेंटचा काळा बऱ्याच धुलाईंनंतर कोळशासारखा करडा होतो, पण वाचता येतो. डायचे रंग धुण्याने आणि त्याहून जास्त उन्हाने उडतात. गोधडी दर आठवड्याला गच्चीत कडक उन्हात पडणार असेल तर रंगीत लेबलाचा हट्ट सोडावा, आणि लेबल उलट्या बाजूच्या खालच्या कोपऱ्यात लावावं.

दुपट्यांबद्दल मात्र आमचं मत स्पष्ट आहे : फक्त काळी अक्षरं, रंग नको, कंडिशनरचं पाणी नको. दुपटं रोज धुतलं जातं, कधी गरम पाण्यात, कधी ब्लीच पडतं, आणि बाळ कोपरा तोंडात घालतं. तुरटीचं पाणी दिलं असेल तर पहिल्या धुलाईनंतर आणखी दोनदा साध्या पाण्यातून काढा. लेबलाच्या दोन कडा दुपट्याच्या गोटात घ्या, म्हणजे दोनच बाजूंना हाताने टाके घालावे लागतात आणि बाळाच्या बोटाला सुटी कड सापडत नाही. गोधडीवर लेबल सगळ्यात शेवटी, धावदोरा पूर्ण झाल्यावर, फक्त मागच्या थराला धरून लावा. आधी लावलंत तर धावदोऱ्याचे टाके अक्षरांतून जातात.

राहिला झेरॉक्सवाला. त्याच्याकडे हे पान नेऊ नका. लेझर प्रिंटरमध्ये टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड तापलेल्या रोलरने वितळवून कागदावर दाबतात. त्या उष्णतेत स्टिकरचा डिंक पाझरतो, कापड रोलरला गुंडाळलं जातं, आणि बिल तुमच्या नावावर. फ्रीझर पेपर असता तर त्याचं प्लास्टिक वितळून हेच झालं असतं. शिवाय टोनर कापडाच्या वर पापुद्र्यासारखा बसतो, दुमडलं की तडकतो. एकसारखाच मजकूर असलेली शे-दोनशे लेबलं हवी झाली तर मात्र घरच्या प्रिंटरशी झटापट न करता सॅटिनच्या फितीवर छापून देणाऱ्याकडे जा. त्या संख्येला तुमची शाई, स्टिकर आणि वेळ मिळून घरचं काम स्वस्त पडत नाही.